हाप्टबानू आक्का

रेल्वेचं गेट पडलं की बाकीची माणसं सायकलवर बसल्या बसल्या एक पाय जमिनीला टेकवायची आणि गाडीची वाट बघायची. आमच्या शेजारच्या ताराआक्का खाली उतरायच्या, सायकल स्टँडवर लावायच्या आणि गेटशी भांडायला लागायच्या. गेटमनशी नव्हे. तो बिचारा कधीच आपल्या खोलीत जाऊन बसलेला असायचा. त्या भांडायच्या त्या आडव्या पडलेल्या दांड्याशी.

"हे बघा," आजूबाजूच्या लोकांना दांडा दाखवत त्या सुरुवात करायच्या, "ह्यो आडवा झाला की आख्खं गाव उभं. दवाखान्यात बाई अडलीया, हितं मी अडलीया. तिकडं हानोफरात शंभर वर्षांमागं लोकांनी डोस्कं चालवलं. रूळच उचलून वर नेलं. गाडी वरनं, माणूस खालनं. कुणी कुणाच्या आडवं न्हाय. आणि आम्ही? आमच्यात गाडी साहेब आणि माणूस चपराशी."

मी लग्न होऊन बेळगावात अनगोळला आले त्याच महिन्यात हे भाषण पहिल्यांदा ऐकलं. पांढरं सुती पातळ, पायात काळे बूट, दांड्याला पिशवी लटकवलेली जेंट्स सायकल आणि कपाळावर एवढी मोठी आठी. मी घाबरून आमच्या ह्यांच्या मागं सरकले. हे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर होते, रोज त्याच गेटात अडकायचे, त्यामुळं त्यांना भाषण पाठ होतं. "आपल्या शेजारीण," ते हळूच म्हणाले. "राग लई, पण चावत न्हाईत."

ताराआक्का मूळच्या निपाणीच्या. निपाणीत तंबाखू आहे, बाजार आहे, बस आहे, रेल्वे नाही. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला घराबाहेर पडल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आगगाडी पाहिली. आणि तिथल्या एका मिशनरी डॉक्टरीणबाईनं चार-पाच मुलींना जर्मनीतल्या वेगवेगळ्या गावांना कामाला धाडलं, त्यात आक्कांची निवड झाली. हॅनोव्हर, आक्कांच्या तोंडी हानोफर, नावाच्या शहरात एका दवाखान्यात त्या कितीतरी वर्षं नर्स होत्या. मग इकडं आईला अर्धांगाचा झटका आला. वडील आधीच गेलेले, भावाचा संसार भावाला जड. आक्का परत आल्या, आईला बेळगावात आणलं, ती जाईपर्यंत तिचं सगळं केलं. आई गेल्यावर त्या राहिल्या ते राहिल्याच. एका प्रसूतिगृहात मेट्रन होत्या.

आता एखादी बाई परदेशात राहून आली तर काय सांगेल? बर्फ, दुकानं, गोरी माणसं. आक्का फक्त स्टेशन सांगायच्या. हॅनोव्हरचं मोठं स्टेशन. बाकीच्या बायका माहेर सांगतात तशा त्या ते स्टेशन सांगायच्या, फरक इतकाच की माहेर सांगताना बायकांचा गळा दाटतो आणि स्टेशन सांगताना आक्कांचा आवाज चढायचा.

"लढाईत बॉम्ब पडून छप्पर गेलं. भिंती तेवढ्या उरल्या. लोकांस्नी खायला न्हवतं, तरी त्याच भिंती धरून स्टेशन पुन्हा उभं केलं. आमच्याकडं बाकाचा पाय मोडला की तसाच. वरीसभर तसाच. मग लोक तीन पायांवर बसायला शिकत्यात."

त्या स्टेशनात काय नव्हतं? न्हाव्याचं दुकान होतं. अंघोळीची सोय होती, गरम पाण्याची, स्वच्छ टॉवेलासकट. पोस्ट होतं. फुलांची दुकानं होती. एक लहानसं थेटर होतं, त्यात बातम्यांची चित्रं दिवसभर चालू, गाडीला वेळ असेल तर आत जाऊन बसावं. सामान ठेवायला लोखंडी कपाटं होती, किल्ली आपल्या खिशात. वाट चुकलेल्यांसाठी एक खोली होती, तिथं दोन म्हाताऱ्या बसायच्या आणि येईल त्याला चहा द्यायच्या, नाव-गाव न विचारता. हे सगळं सांगून झालं की आक्का माझ्याकडं अशा बघायच्या, जणू बेळगावची रेल्वे माझ्या माहेरच्यांची आहे.

मुख्य स्टेशनाला जर्मन भाषेत हाउप्टबानहोफ म्हणतात. आक्का तो शब्द दिवसातून इतक्यांदा उच्चारायच्या की गल्लीनं त्यांचं नाव हाप्टबानू पाडलं. समोर कुणाची म्हणायची छाती नव्हती. भाजीवाली एकदा चुकून म्हणाली, "बानूआक्का, मेथी घ्या," तर तिला तिथंच बसवून तो शब्द नीट म्हणायला लावला. ती म्हातारी पुढं कित्येक दिवस गिऱ्हाइकांना ऐकवून दाखवायची.

दुसऱ्याच्या घरात गेलं की आक्का आधी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत. मागं असलं तर न विचारता खुर्चीवर चढून काटे फिरवत. आमच्या चुलत नणंदेच्या लग्नात मुहूर्त टळून गेला तरी वरात यायची होती. सगळे गप्प बसले होते. आक्का मांडवात मधोमध उभ्या राहिल्या आणि मुलीच्या बापाला म्हणाल्या, "नवरदेव लेट हाय, ते दिसतंय. किती लेट हाय ते सांगा. तिकडं गाडी थोडी जरी लेट झाली तर पाटी लावत्यात, माफी मागत्यात." वराकडची माणसं आली तेव्हा आक्का दारातच उभ्या होत्या. माफी कुणी मागितली नाही, पण वरातीतला बँड मात्र बंद झाला.

आमच्या सीमाभागात बोर्ड ही दुखरी जागा. कुठली पाटी कुठल्या भाषेत, यावरून डोकी फुटलेली. एकदा आमच्या ओट्यावर हे आणि त्यांचे मित्र याच विषयावर तावातावानं बोलत होते. आक्का आपल्या दारातून म्हणाल्या, "स्टेशनाचा बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा ते भांडत बसा तुम्ही. संडासाच्या दाराला कडी न्हाय, त्याच्यासाठी भांडलाय कधी? कडीला भाषा नसती." मित्र उठून गेले. हे म्हणाले, "खरं हाय, पण असं म्हणायचं नसतं." आक्कांना नेमकं तेच कळायचं नाही, की खरं असलं तर म्हणायचं का नसतं.

त्यांच्या रागाचं लोकांना हसू यायचं. मला पुढं पुढं येईनासं झालं. आईला घेऊन त्या बेळगावात खोली शोधत फिरल्या होत्या, ते मला नंतर कळलं. नर्स म्हटल्यावर सगळे या या म्हणायचे. मग आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की खोली कालच कुणीतरी घेतलेली असायची. शेवटी त्यांनी परदेशातली सगळी कमाई घालून अनगोळात हे दोन खोल्यांचं घर विकत घेतलं. आमच्या सासूबाईंचासुद्धा आक्कांच्या घरी गेलं की चहा नेहमी 'आत्ताच झालेला' असायचा. आक्कांना ते कळायचं. त्या पुन्हा आग्रह करायच्या नाहीत, कप परत कपाटात ठेवायच्या आणि महानगरपालिकेच्या नळावर घसरायच्या.

"तिकडं बरं होतं का हो आक्का?" मी एकदा विचारलं होतं.

"तिकडं मला काळी म्हणून बघायचे. आडनाव विचारत न्हवते. दोन्हीतलं बरं कुठलं, ते मला अजून ठरवता येत न्हाय."

मी शाळेत शिकवायची, म्हणून मला त्या मास्तरीण म्हणायच्या. एका हिवाळ्यात माझ्या आईला निमोनिया झाला. माझं माहेर खानापूरच्या पुढं, रानात. जवळचं स्टेशन सोनगाळी रोड. स्टेशनाच्या नावात रोड आलं की समजावं, गाव तिथं नाही. आमचं सोनगाळी तिथून कोसभर आत. गावात डॉक्टर नाही, इंजेक्शन द्यायला कुणी नाही. मी रडकुंडीला आले तर आक्का म्हणाल्या, "रडतीस काय, पिशवी भर." रजा टाकून त्या माझ्याबरोबर आल्या, आईच्या उशाशी राहिल्या, आमच्या वहिनीला खोली झाडायला लावली, भावाला विडी बाहेर ओढायला लावली, आणि आईला बसती केली.

परतताना आम्ही सोनगाळी रोडवर आलो तर पॅसेंजर लेट. किती लेट, कुणाला ठाऊक नाही. दुपार होती, पण जंगलातला वारा सुरीसारखा लागत होता. प्लॅटफॉर्म उघडा. तिथं एक पोरसवदा बाई तान्हं मूल पदरात गुंडाळून जमिनीवर बसली होती. कणकुंबीकडची होती, मुलाला ताप होता, त्याला दाखवायला बेळगावला निघालेली. आक्कांनी मुलाच्या कपाळाला हात लावला आणि उभ्या राहून वेटिंग रूमकडं बघितलं. दाराला कुलूप.

स्टेशनमास्तर टेबलाशी बसून पान जुळवत होता. "एनु बेकु?" त्यानं मान वर न करता विचारलं. काय पाहिजे.

"वेटिंग रूमची किल्ली," आक्का कानडीतच म्हणाल्या.

"ती फर्स्ट क्लासवाल्यांची."

"फर्स्ट क्लासवाला दाखवा कुठं हाय तो. मी त्याची परवानगी काढते."

"किल्ली हरवली आहे."

खिडकीच्या फटीतून मी आत बघितलं आणि माझंच डोकं फिरलं. खोली छतापर्यंत भाताच्या वाळल्या गवतानं भरलेली होती. मास्तरच्या क्वार्टरमागं दोन म्हशी बांधलेल्या होत्याच. थंडीत कुडकुडणारं तापलेलं पोर बाहेर आणि म्हशींचं गवत आत, गादीच्या बाकावर. मी आक्कांना म्हटलं, "आत गवत आहे." मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाविरुद्ध चहाडी केली आणि मला त्याचं समाधान वाटलं.

आक्कांनी एकदा आत डोकावून पाहिलं. मग त्या मास्तरकडं वळल्या. कानडीत सुरुवात झाली. मास्तर सरकारी माणूस, त्यानं उलट आवाज चढवला. आक्का हिंदीवर आल्या. मास्तरही हिंदीवर आला, म्हणाला वर कळवतो, सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल पोलिसांत देतो. आक्का मराठीवर आल्या. ते मराठी निपाणीच्या बाजारातलं होतं, मी इथं लिहीत नाही. मास्तरला तेही समजलं आणि त्यानं त्यालाही उत्तर दिलं. मग आक्कांनी एक श्वास घेतला आणि जर्मन सुरू केलं.

मी त्यांच्या तोंडून एक-दोन शब्द सोडले तर ती भाषा कधी ऐकली नव्हती. उखळात कांडल्यासारखा एकेक शब्द पडत होता. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता, आणि तेच जास्त भयंकर होतं. आपल्याला काय म्हटलं जातंय हेच मास्तरला कळेना. शिवी असेल तर परत शिवी देता येते, धमकी असेल तर धमकी. इथं त्याच्या हातात काहीच लागेना. तो पान हातात धरून उभा राहिला. शेवटी त्यानं ड्रॉवर उघडला आणि हरवलेली किल्ली टेबलावर ठेवली.

गवत आम्ही तिघींनी काढलं. तिसरी मास्तरची बायको. ती क्वार्टरमधून धावत आली, नवऱ्याकडं न बघता पदर खोचला आणि भारे बाहेर टाकायला लागली. मग तिनंच शेगडी आणून ठेवली, पाणी तापवलं. आक्कांनी मुलाचं अंग कोमट पाण्यानं पुसलं, आपल्या शालीत गुंडाळलं आणि आईला पाजायला बसवलं. हे सगळं करताना त्या तोंडानं रेल्वे, सरकार, म्हशी आणि मास्तरचे आईबाप यांचा उद्धार करतच होत्या. मूल झोपलं तेव्हा कुठं गप्प झाल्या.

आम्ही त्या गवताचा वास भरलेल्या बाकावर बसलो. गाडीचा पत्ता नव्हता. मला आपलं बोलायला काहीतरी हवं होतं म्हणून मी विचारलं, "आक्का, त्या हानोफरच्या स्टेशनातलं तुम्हाला इतकं बारीकसारीक माहीत आहे. तुमचा दवाखाना तर त्याच गावात होता. मग एवढ्या वेळा गाडीनं कुठं जात होता?"

"कुठं न्हाय."

मला वाटलं, नीट ऐकलं नाही.

"कुठंबी न्हाय गेलते. गाडीत बसलेच न्हाय मी, चार-दोनदा सोडलं तर." झोपलेल्या मुलाकडं बघत त्या बोलत होत्या. "तिकडं ऐतवारी सगळं बंद. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू न्हाय. आमच्या हॉस्टेलातल्या पोरी आपापल्या घरला जायच्या. खोलीत मी आणि भिंत. मग कोट चढवायचा आणि स्टेशनात जायचं. तिथं तेवढा उजेड असायचा. माणसं असायची."

"एकट्याच?"

"माझ्यासारखी लई यायची. इटलीची, ग्रीसची, तुर्की लोकं. कारखान्यात कामाला आलेली. ती घोळक्यानं उभी राहायची, आपल्या भाषेत बोलायची, हसायची. मी बाजूला उभी राहून ऐकायची. कळायचं काय न्हाय. पण मराठी बोलणारं तिथं कोण होतं? कानडी तरी कोण बोलणार?"

बाहेर मास्तर उगाच घंटेजवळ जाऊन आला. आक्कांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"स्टेशनासमोर राजाचा पुतळा हाय. घोड्यावर बसलेला. तिथली रीत अशी, की कुणाला भेटायचं असलं तर त्या घोड्याच्या शेपटाखाली भेटायचं. सगळं गाव तसंच म्हणतं, शेपटाखाली ये. मीबी जाऊन उभी राहायची. मधनंमधनं घड्याळाकडं बघायची, म्हणजे लोकांस्नी वाटावं हिचंबी कोणतरी येणार हाय. फुलं विकणारी एक म्हातारी होती. तिनं एक दिवस विचारलं, 'आला नाही का गं तो?' मी काय सांगू? म्हटलं, गाडी लेट हाय." आक्का जराशा हसल्या. त्यांना हसताना मी फार वेळा बघितलं नव्हतं. "पुढच्या ऐतवारी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं. त्या स्टेशनात गाडी लेट झाली म्हणून रेल्वेची बदनामी करणारी मीच एकटी असंन."

मला राग आला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं. त्या शहरावर म्हणावं तर त्यानं बिचाऱ्यानं दिवे चालू ठेवले होते. इकडं परत आल्यावर खोली नाकारणाऱ्यांवर म्हणावं तर तसलंच एक माणूस माझ्याच घरात राहून आक्कांकडचा चहा नको म्हणत होतं.

पॅसेंजर आली तेव्हा आक्का मूल उचलून पुढं झाल्या आणि डब्यातल्या माणसांना जागा करा म्हणून ओरडायला लागल्या. बेळगावात त्यांनी त्या मायलेकरांना आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडं नेलं. मूल बरं झालं. शाल आक्कांनी परत घेतली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या भावाची मुलगी पुण्याला बाळंत व्हायची होती. तिथं तिच्याजवळ घरचं बाईमाणूस नव्हतं, म्हणून आक्का निघाल्या. मी स्टेशनावर पोचवायला येते म्हटलं तर म्हणाल्या, "पोचवायला मी काय पार्सल हाय?" मला घराची किल्ली दिली, परत कधी येणार ते सांगितलं, दूधवाल्याला त्या दिवसापासून दूध घालायला सांग म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

त्या यायच्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "आपण स्टेशनावर जाऊ."

"कशाला? त्या ओरडतील."

"ओरडू देत."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कारखान्यात निरोप पाठवला. आम्ही गाडीच्या आधी जाऊन उभे राहिलो. सकाळची वेळ होती. गाडी आली, माणसं उतरली, हमाल धावले. मागच्या एका डब्यातून आक्का उतरल्या, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पिशवी. चालता चालता त्यांनी आम्हाला बघितलं आणि जागीच थांबल्या. चेहरा पांढरा झाला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही आक्का. सगळे बरे आहेत. तुम्हाला न्यायला आलो."

"मला?"

"होय."

"मला न्यायला कशाला? मला घरची वाट ठावं न्हाय व्हय?" आवाज चढला. "आणि तुम्ही हो? काम सोडून आलाय? मास्तरीण, तुला शाळा न्हाय? रिकामी माणसं. ऊन बघितलंय किती पडलंय ते. कुणी सांगितलं हुतं यायला?"

"कुणी नाही," हे म्हणाले आणि त्यांच्या हातातली ट्रंक घेतली. आक्कांनी ती सोडली. पिशवी मी घेतली. तीही सोडली. मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांनी पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. आणखी काहीतरी रागाचं बोलायला तोंड उघडलं, पण शब्द आले नाहीत, कानडी नाही, मराठी नाही, कुठलेच नाहीत.

"चला," मी म्हटलं, "बाहेर टांगे निघून जातील."

आक्का चालल्या नाहीत. जवळच्या बाकावर बसल्या आणि समोर बघत म्हणाल्या, "जरा थांबा गं. ही गर्दी जाऊ दे."

प्लॅटफॉर्मवर आमच्याशिवाय कुणीही उरलं नव्हतं. हे काहीतरी म्हणणार होते, मी त्यांचा हात दाबला. आम्ही ट्रंक खाली ठेवली आणि आक्कांच्या दोन बाजूंना बसलो.